मणी फुगले, की फुटले?

पत्राचा सारांश : जिल्ह्याच्या ठिकाणी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने लिहिले आहे. तिच्या संशोधन प्रकल्पाचा विषय ‘आतड्यात औषध सोडणारे, पीएचला प्रतिसाद देणारे हायड्रोजेल’ (म्हणजे पाणी धरून ठेवणारी पॉलिमरची जाळी) असा आहे. सोडियम अल्जिनेटचे २ टक्के द्रावण सिरिंजमधून कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबाथेंबाने सोडून तिने मणी तयार केले. पीएच १.२ च्या आम्लात हे मणी आकसले पण टिकून राहिले, पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, ते फुगले आणि तीन तासांच्या आत विरघळून गेले. गाईड सरांना निष्कर्ष पसंत पडला आणि स्पर्धेसाठी पोस्टरही तयार झाले. एके दिवशी फॉस्फेट संपले म्हणून तिने ट्रिस नावाचा दुसरा बफर वापरला. पीएच तोच, ७.४, मणी मात्र दुसऱ्या दिवशीही शाबूत होते. सर म्हणाले, “आता नवे फाटे फोडू नकोस, ते एक रीडिंग सोडून दे.” पीएच.डी. करणाऱ्या एका सीनियरचे म्हणणे असे की अल्जिनेट जुने झाले, त्यात काही राम नाही, एनआयपीएएम हे रसायन मागवून तापमानाला प्रतिसाद देणारे जेल कर. वडील त्यासाठी पैसे द्यायला तयार आहेत. प्रबंध सादर करायला सात आठवडे उरले आहेत. ती विचारते : माझे सहा महिने वाया गेले का? ते रीडिंग वगळले तर ती लबाडी होईल का? की सगळे टाकून नवे पॉलिमर हाती घ्यावे?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला तुझी घालमेल दिसली आणि दुसऱ्या वाचनात तू सहज, जाता जाता लिहिलेले एक वाक्य दिसले : “फॉस्फेट बफरमध्ये मणी फुगायला लागले की द्रावण थोडे पांढरट होते, पण ते अल्जिनेट विरघळल्यामुळे असावे.” तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला या वाक्यातूनच द्यावीशी वाटतात, कारण शुद्ध सोडियम अल्जिनेट पाण्यात विरघळले तर द्रावण चिकट होते, फार तर किंचित धूसर दिसते, पण पांढरे गढूळ होत नाही. तो पांढरेपणा कशाचा आहे, हे तू एकदा स्वतःला विचारले असतेस तर ट्रिसमध्ये मणी का टिकले हे तुला त्याच दिवशी कळले असते.

आधी मणी मुळात कशाने बांधलेले आहेत ते पाहू. अल्जिनेट ही समुद्रातील तपकिरी शेवाळापासून मिळणारी शर्करेची लांब साखळी असते आणि तिच्यावर कार्बोक्सिलेटचे ऋणभार असतात. तिच्यातील ग्युल्युरोनेट या शर्करा-घटकाचे पट्टे नागमोडी वळलेले असल्यामुळे त्यांच्यात खळगे तयार होतात आणि दोन साखळ्यांच्या समोरासमोर आलेल्या खळग्यांत कॅल्शियमचा आयन जाऊन बसतो. १९७३ मध्ये मांडली गेलेली ही कल्पना अंड्याच्या खोक्याचे प्रतिरूप म्हणून आजही शिकवली जाते. म्हणजे तुझ्या मण्यातली प्रत्येक गाठ कॅल्शियमची आहे. ज्या द्रावणात मणी टाकशील त्यात कॅल्शियमला अधिक ओढून घेणारे काही असेल, तर गाठी सुटणार. आणि फॉस्फेट ते काम चोख करते. पीएच ७.४ ला फॉस्फेटचा मोठा भाग हायड्रोजन फॉस्फेटच्या, म्हणजे दोन ऋणभार असलेल्या रूपात असतो, तो कॅल्शियमला पकडतो आणि कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा अवक्षेप तयार होतो. तू पाहिलेला पांढरेपणा तोच असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. ट्रिस कॅल्शियमला जवळजवळ हात लावत नाही, म्हणून त्यात मणी टिकले.

आता तुझ्या पत्रातील पहिले गृहीतक. तू लिहितेस की मण्यांनी ‘पीएचला प्रतिसाद दिलाच नाही’, म्हणून प्रकल्प फसला. हे पूर्ण खरे नाही. आम्लात मणी आकसले ते पीएचमुळेच. अल्जिनेटमधील आम्लगटांचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे गट हायड्रोजन धरून असतात तो आकडा, ३.४ ते ३.७ च्या आसपास आहे, त्यामुळे पीएच १.२ ला जवळपास सगळे कार्बोक्सिलेट गट हायड्रोजन घेऊन भाररहित होतात, साखळ्यांतले एकमेकींना दूर ढकलणे थांबते आणि जेल आखडते. पण त्याच वेळी त्या गटांनी धरून ठेवलेले कॅल्शियमही बाहेर पडते, मणी अल्जिनिक आम्लाचे जेल म्हणून उभा राहतो, आणि वरून तो पूर्वीसारखाच दिसत असला तरी आतून तो आता वेगळा पदार्थ असतो. तू आम्लातून काढलेले मणीच पुढे पीएच ७.४ मध्ये टाकलेस की नवे, ताजे मणी घेतलेस, हे तुझ्या पत्रात नाही. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आम्लात दोन तास राहून कॅल्शियम गमावलेला मणी उदासीन द्रावणात गेला की त्याला धरून ठेवणारे फारसे काही उरत नाही, मग तिथे फॉस्फेट असो वा नसो, तो विरघळण्याकडेच झुकतो. ताजा मणी मात्र कॅल्शियम काढून घेतल्याशिवाय सहसा विरघळत नाही. ट्रिसमध्ये टाकलेले मणी ताजे होते आणि फॉस्फेटमध्ये टाकलेले आम्लातून आलेले होते, असे तर झाले नाही ना? वहीत पाहा. वहीत नसेल, तर ते तसे नोंदवलेले नाही हेही लिहून ठेव आणि दोन्ही प्रयोग पुन्हा कर.

माझ्या समजुतीप्रमाणे तुझ्या मण्यांचा प्रतिसाद खरा आहे. तो कशाला दिलेला आहे एवढेच अजून ठरलेले नाही. तीन गोष्टी एकाच वेळी बदलत होत्या. हायड्रोक्लोरिक आम्लातून फॉस्फेट बफरमध्ये जाताना पीएच बदलला, फॉस्फेट आले आणि सोडियमसह एकूण क्षारांचे प्रमाण, म्हणजे आयनिक स्ट्रेंग्थही बदलली. पोस्टरवर मात्र यांतले एकच नाव लिहिले गेले. ही चूक तुझ्या एकटीची नाही. पीएच-प्रतिसादी जेलवरील विद्यार्थी-प्रकल्प वाचताना ती मला इतक्या वेळा भेटली आहे की तिच्याबद्दल लिहावे म्हणूनच मी तुझे पत्र निवडले.

या विषयाच्या इतिहासातही असे घडलेले आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये तोयोइची तानाका यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की पॉलिअॅक्रिलामाइडचे जेल अॅसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणात एका ठरावीक टप्प्यावर एकदम कोसळते, म्हणजे त्याचे आकारमान झेप घेतल्यासारखे घटते. प्रतिसादी जेलच्या अभ्यासाचा पाया तिथे घातला गेला. पण ही झेप जेल किती काळ मुरवत ठेवले आहे त्यावर अवलंबून असल्याचे दिसत होते. ताजे जेल सावकाश आकसे, जुने एकदम. दोन वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच गटाने दाखवले की खरे कारण नुसते वय नव्हते. मुरत असताना साखळीतील काही अमाइड गटांचे जलापघटन होऊन त्यांचे आम्लगट होत होते आणि त्या गटांवरचे भार झेपेला कारणीभूत होते. वरून ‘काळ’ दिसत होता, आत काम करत होता तो विद्युतभार. त्या एका अडचणीच्या निरीक्षणाचा माग काढला गेला म्हणून भारित जेलमधली ही झेप समजली.

तुझे ट्रिसचे रीडिंग मला त्याच जातीचे वाटते. ते तुला योगायोगाने मिळाले, फॉस्फेटची बाटली रिकामी झाल्यामुळे. पण नियंत्रण प्रयोग म्हणतात तो हाच, आणि तो तुझ्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

आता वगळण्याचा प्रश्न. तू विचारतेस की एक रीडिंग सोडले तर ती लबाडी होईल का. एखादे रीडिंग केव्हा सोडता येते? तराजू हलला, मणी सांडले, बफरचा पीएच चुकीचा निघाला, असे प्रयोगाबाहेरचे कारण सापडले आणि ते वहीत त्याच वेळी लिहिले गेले, तर ते रीडिंग रद्द करणे योग्यच असते. निष्कर्षाला ते जुळत नाही, हे कारण त्या यादीत बसत नाही. तुझे रीडिंग सोडण्यासाठी तुझ्याकडे दुसरे कोणतेही कारण नाही, हे तुझ्या पत्रावरून स्पष्ट आहे, आणि म्हणून होय, ते सोडून ‘पीएच-प्रतिसादी’ असा दावा केला तर ती वाचकाची दिशाभूल होईल. हे मी तुला दूषण देण्यासाठी लिहीत नाही. तुझ्या मनाने हे आधीच ओळखले आहे, नाहीतर तू पत्र लिहिले नसतेस.

त्याचबरोबर, सरांबद्दल तू जो निष्कर्ष काढला आहेस तो मला घाईचा वाटतो. “सरांना खरे-खोटे काही नको, फक्त बक्षीस हवे आहे,” असे तू लिहिले आहेस. मी बरीच वर्षे एका महाविद्यालयात शिकवले आहे. एका शिक्षकाकडे आठ-दहा प्रकल्प, त्यावर प्रात्यक्षिकांचे तास आणि परीक्षेची कामे असताना मार्चच्या तोंडावर विद्यार्थी “सर, सगळे उलटे आले” असे म्हणत दारात उभा राहतो, तेव्हा तोंडून जे वाक्य निघते ते नेहमीच विचार करून निघत नाही. तू त्यांना काय दाखवलेस? एक रीडिंग, तेही एकदाच घेतलेले. एका रीडिंगवर पोस्टर बदलायला मीही कदाचित तयार झाले नसते. तीनदा केलेला प्रयोग, त्याचे कारण सांगणारी दुसरी चाचणी आणि शीर्षकात करायचा छोटासा बदल लिहून नेलास, तर बोलणे वेगळ्या पातळीवर होईल. ते तरीही नाही म्हणाले तर काय करायचे, त्याकडे मी शेवटी येते.

आता सीनियरचा सल्ला. एनआयपीएएमपासून होणारे पॉलिमर सुंदर आहे यात शंका नाही. पाण्यात सुमारे ३२ अंश सेल्सियसच्या खाली ते पाणी धरून फुगते, वर गेले की पाणी सोडून आकसते, आणि हे तापमान शरीराच्या तापमानाच्या इतके जवळ आहे की १९६८ मध्ये हेस्किन्स आणि गिये यांनी हे वर्तन नोंदवल्यापासून त्यावर अखंड काम होत आले आहे. पण तुझ्यापाशी सात आठवडे आहेत, म्हणून त्या सात आठवड्यांत काय काय करावे लागेल ते बघ. मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा घटक, हेक्झेनमधून पुन्हा स्फटिकरूप करून शुद्ध करावा लागतो. मोनोमर जोडून साखळी करण्याची अभिक्रिया ऑक्सिजन रोखतो, म्हणून द्रावणातून नायट्रोजन सोडण्याची सोय लागते. जेल झाल्यावर न जुळलेला मोनोमर धुऊन काढायला कित्येक दिवस पाणी बदलत बसावे लागते. अॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे आणि एनआयपीएएमसारख्या त्याच्या भाईबंदांनाही हातमोजे व फ्यूम हूड यांशिवाय हात लावू नये. तुमच्या प्रयोगशाळेतला फ्यूम हूड चालू आहे का, याचा उल्लेख तुझ्या पत्रात नाही. एवढे करून जेल तयार झालेच, तर ते एकदम तापवल्यावर पृष्ठभागावर दाट कातडे धरते, पाणी आतच अडकते आणि ‘प्रतिसाद मंद का’ हा नवा प्रश्न उभा राहतो. त्यात क्षार घातले की ते ३२ अंशांचे तापमानही खाली सरकते. म्हणजे आज ज्या पेचातून तू पळू पाहतेस, तो तिथेही तुझी वाट पाहतो आहे, फक्त अधिक खर्चिक रूपात. वडिलांचे पैसे तू त्यावर खर्च करू नयेस असे माझे स्पष्ट मत आहे.

‘अल्जिनेट जुने झाले’ हे सीनियरचे वाक्यही मला मान्य नाही. पदार्थ जुना असला तरी प्रश्न नवा असू शकतो, आणि पदवीच्या प्रकल्पात ज्याची रचना, पीकेए, गाठींची पद्धत सगळे माहीत आहे असा पदार्थ हाताशी असणे हे भाग्यच असते, कारण मग निरीक्षण चुकले तर ते कुठे चुकले हे शोधता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलवर वर्षानुवर्षे जे काम केले, त्यातही जेल कोणत्या घटकाला, किती वेगाने आणि का प्रतिसाद देते हे समजून घेण्यालाच महत्त्व होते.

मला स्वतःला हा धडा एम.फिल.च्या वेळी मिळाला. पाणी शोषणारे अॅक्रिलिक आम्लाचे जेल मी करत होते. ऊर्ध्वपातित पाण्यात ते आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी घेई आणि शेतातल्या विहिरीचे पाणी वापरले की फुगणे इतके कमी होई की माझे क्रॉसलिंकर, म्हणजे साखळ्या जोडणारे रसायन, चुकले असे समजून मी तीन महिने नवनवे नमुने बनवत राहिले. विहिरीच्या पाण्याची कठिणता मोजायचे मला सुचले नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साखळ्यांना जखडत होते, एवढेच घडत होते. मोजले असते तर एका दुपारी उलगडले असते. त्या तीन महिन्यांची हळहळ मला अजून वाटते, म्हणून तुझे सात आठवडे तसे जाऊ नयेत असे मनापासून वाटते.

तर आता काय करावे. पाच द्रावणे घे आणि प्रत्येक द्रावणात एकाच घाण्यातले ताजे मणी टाक. पहिले, ट्रिस, पीएच ७.४. दुसरे, १० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.४. तिसरे, ५० मिलिमोलर फॉस्फेट, त्याच पीएचला. चौथे, ५० मिलिमोलर फॉस्फेटच, पण पीएच ६. आणि पाचवे, ट्रिसमध्ये सोडियम सायट्रेट घालून पीएच ७.४ ला आणलेले. या पाचही द्रावणांची आयनिक स्ट्रेंग्थ मिठाने सारखी करून घे, समजा ०.१५ मोलर, हा हिशेब आळस न करता आधी कागदावर कर, कारण ५० मिलिमोलर फॉस्फेटची स्वतःचीच आयनिक स्ट्रेंग्थ पीएच ७.४ ला ०.१ मोलरच्या वर जाते आणि त्यात किती मीठ घालायचे हे त्यावरून ठरते. सायट्रेट या यादीत का आहे, हे तुझ्या लक्षात आलेच असेल : ते कॅल्शियमला विद्राव्य रूपात धरून ठेवते, त्यामुळे मणी सुटतील पण द्रावण पांढरे होणार नाही. मणी सायट्रेटमध्येही सुटले आणि साध्या ट्रिसमध्ये टिकले, तर कॅल्शियम काढून घेणे हेच कारण आहे या म्हणण्याला भक्कम आधार मिळेल. ट्रिसमध्ये मीठ घातल्यावर मणी हळूहळू फुगू लागले तर दचकू नकोस. सोडियम कॅल्शियमची जागा घेतो आहे असा त्याचा अर्थ असेल, आणि तोही निष्कर्षच आहे.

ट्रिस वापरताना एक काळजी घे. त्याचा पीएच तापमान एका अंशाने वाढले की साधारण ०.०३ ने उतरतो. २५ अंशांना ७.४ करून ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवलेस तर तो ७.१ च्या आसपास येईल. म्हणून पीएच ३७ अंशांनाच जुळवून घे आणि मीटरही त्याच तापमानाला प्रमाणित कर.

मण्यांच्या आकाराकडे विद्यार्थी फार दुर्लक्ष करतात, म्हणून त्यावर थोडे थांबते. जेलच्या फुगण्याला लागणारा वेळ आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन मिलिमीटरच्या आणि तीन मिलिमीटरच्या मण्यांची तुलना केलीस तर केवळ आकारामुळे वेळेत सव्वादोन पटींचा फरक पडेल आणि तू तो बफरच्या नावावर खपवशील. एकच सुई, एकच उंची, एकच वेग ठेव, आणि कॅल्शियम क्लोराइडमध्ये मणी प्रत्येक वेळी तितकीच मिनिटे राहू देत. पेट्री डिशखाली आलेखाचा कागद ठेवून वरून मोबाइल स्टँडवर बसव आणि दर दहा मिनिटांनी फोटो काढ. इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर वापरून व्यास मोजता येतात आणि ओला मणी टिपताना होणारी चूक टळते. वजन घ्यायचेच असेल तर एकेका मण्याचे नको, वीस मण्यांचे घे. आणि एका घाण्यातले तीन मणी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्याने द्रावण करून घातलेले तीन घाणे म्हणजे तीन प्रयोग. हे तुला कंटाळवाणे वाटेल, पण व्हायव्हाला बाहेरून आलेला परीक्षक सर्वांत आधी हेच विचारतो.

कॅल्शियम खरोखर बाहेर पडले का, हे मोजता आले तर तुझे काम एका पायरीने वर जाईल. पाण्याची कठिणता काढण्यासाठी बी.एस्सी.ला केलेले ईडीटीएचे टायट्रेशन इथे ट्रिस, मीठ आणि आम्ल यांतील नमुन्यांसाठी उपयोगी पडेल. आम्लातील नमुना आधी उदासीन करून घे. फॉस्फेटच्या नमुन्यात मात्र ते थेट करू नकोस, कारण पीएच १० ला कॅल्शियमचा अवक्षेप बसेल आणि आकडा कमी येईल. विभागात फ्लेम फोटोमीटर असेल तर त्यातही फॉस्फेट कॅल्शियमचे रीडिंग दाबते, हे ध्यानात ठेव. सायट्रेटचा नमुनाही टायट्रेशनला अवघड जाईल, तो सोडून दिलास तरी चालेल.

तू एसईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांसाठी, नमुने पाठवायचे ठरवले आहेस, त्यावरही फेरविचार कर. पाणी गोठवून सुकवलेल्या जेलमध्ये जी दहा-वीस मायक्रोमीटरची छिद्रे दिसतात ती बहुतेक बर्फाच्या स्फटिकांनी पाडलेली असतात. जेलच्या जाळीचे खरे अंतर नॅनोमीटरमध्ये असते आणि ते त्या चित्रात दिसत नाही. चित्र देखणे येते, प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. औषधाच्या जागी तू वापरलेल्या मेथिलीन ब्लूचे तसेच. तो धनभारित रंग आहे, अल्जिनेटच्या ऋणभारांना तो चिकटतो आणि आम्लात ते भार गेले की सुटा होतो, त्यामुळे तुझा ‘औषध सुटण्याचा’ आलेख मण्याच्या फुगण्याइतकाच त्या चिकटण्याबद्दलही बोलतो आहे. सात आठवड्यांत हा भाग मागे ठेवलास तर माझी हरकत नाही. ठेवणारच असशील तर ही मर्यादा एका परिच्छेदात लिही.

तुझ्या मनात आणखी एक गृहीतक आहे, जे तू शब्दांत मांडलेले नाहीस : फॉस्फेट बफर म्हणजेच आतडे. औषधशास्त्राच्या प्रमाणग्रंथांतील फॉस्फेट बफर साधारण ५० मिलिमोलरचा असतो, तर निरोगी माणसाच्या रक्तात अकार्बनी फॉस्फेट जेमतेम एक मिलिमोलरच्या आसपास असते, आणि आतड्यातील द्रव मुख्यतः बायकार्बोनेटने आपला पीएच सांभाळतो. मग बफरमध्ये तीन तासांत विरघळलेला मणी आतड्यातही तीन तासांत विरघळेल, असे कसे म्हणावे? हा प्रश्न तुझ्या प्रबंधाच्या चर्चेत आला तर मला तो कुठल्याही एसईएम चित्रापेक्षा मोलाचा वाटेल. ‘प्रतिसादी’ या शब्दाबद्दलही नेमके राहा. फुगणे आणि पुन्हा आकसणे याला प्रतिसाद म्हणावे. विरघळून जाणे ही एकेरी वाट आहे. तुझे मणी फुटतात, फुगून परत येत नाहीत. औषध सोडण्यासाठी फुटणेही उपयोगी असू शकते, पण मग शीर्षकात ‘विघटन’ हा शब्द हवा.

शीर्षक मी असे सुचवेन : ‘कॅल्शियम अल्जिनेट मण्यांच्या विघटनात पीएच, फॉस्फेट आणि क्षार यांचा वाटा’. तुझे सहा महिन्यांचे सगळे काम यात बसते, एकही रीडिंग टाकावे लागत नाही आणि पोस्टरवरील निम्मे आलेख तसेच राहतात. पहिले चार आठवडे तीन घाण्यांना, पाचवा कॅल्शियम मोजायला आणि उरलेले दोन लिहायला, असा अंदाज धरून चाल. स्पर्धा त्याआधी आली तर जेवढे झाले असेल तेवढेच मांड आणि पुढचे ‘काम चालू आहे’ असे सांग.

सर तरीही म्हणाले की जुनेच शीर्षक राहू दे, तर तू वाद घालू नकोस. पण ट्रिसचा तक्ता प्रबंधात, मुख्य भागात नाही तर परिशिष्टात तरी राहू द्यावा अशी विनंती कर, आणि निष्कर्षात ‘फॉस्फेट बफरमध्ये’ हे दोन शब्द घालू द्यावेत असे म्हण. ‘पीएच ७.४ ला मणी विरघळतात’ आणि ‘पीएच ७.४ च्या फॉस्फेट बफरमध्ये मणी विरघळतात’ यांतले दुसरे वाक्य खरे आहे आणि त्यावर सही करायला तुला किंवा सरांना कसलीच अडचण नसावी. एवढेही नाकारले गेले, तर विभागातील दुसऱ्या एखाद्या शिक्षकांचे मत सरांना विचारूनच घे, त्यांच्या पाठीमागे नको.

पण आधी एक छोटी गोष्ट कर. दोन परीक्षानळ्या घे. एकीत ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर, दुसरीत ट्रिस, दोन्ही पीएच ७.४ चे. दोहोंत तू मणी करायला वापरतेस त्याच कॅल्शियम क्लोराइडचे पाच-सहा थेंब टाक आणि हलव. एक नळी पांढरी होईल, दुसरी स्वच्छ राहील. त्या दोन्ही नळ्या घेऊन सोमवारी सरांच्या टेबलाजवळ जा, शेजारी मणी विरघळलेली ती गढूळ डिश ठेव, आणि मग बोलायला सुरुवात कर.